मोठी फिल्म : अंधारखोलीपासून स्कॅनरपर्यंत

'फिल्म अजून मिळते का हो?' हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच काढावे असे ठरविले. मिळते. इंग्लंडमधील इलफर्ड आणि अमेरिकेतील कोडॅक आजही कृष्णधवल फिल्मचे सुटे ताव कापून, पंचवीस किंवा पन्नासच्या पेट्यांत भरून विकतात. आपल्याकडे उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म एके काळी घरोघरी माहीत होती. तो कारखाना आता बंद पडला आहे. त्यामुळे आपल्याला मिळते ती फिल्म बाहेरून येते आणि महाग पडते. मग पुढचा प्रश्न हमखास येतो : 'खिशातल्या फोनवर क्षणात छायाचित्र निघत असताना हा खटाटोप कशासाठी?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी आधी काम कसे चालते ते सांगावे लागेल.

मोठी म्हणजे केवढी?

आपल्या वडीलधाऱ्यांच्या कॅमेऱ्यात जे रीळ असे त्याची एक चौकट २४ मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर लांब असते. 'लार्ज फॉरमॅट' म्हणतात ती फिल्म रिळात येत नाही; ती सुट्या तावांत येते. सर्वांत रूढ ताव ४ इंच बाय ५ इंचांचा. त्याचे क्षेत्रफळ रिळाच्या चौकटीच्या सुमारे पंधरा पट भरते. त्याहून मोठा ८ बाय १० इंचांचाही मिळतो. जुन्या स्टुडिओवाल्यांची मापे निराळी होती. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा, आणि क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार. हे शब्द आजही जुन्या छायाचित्रकारांच्या तोंडी आहेत.

एवढा मोठा ताव बसवायचा तर कॅमेराही तेवढाच हवा. पुढे भिंग, मागे घासलेली काच, मधे भात्यासारखा घड्यांचा चामडी पडदा, आणि पाहणाऱ्याच्या डोक्यावर काळा कपडा. केरळात आलप्पुळा येथे तयार होणारे 'वागीश्वरी' नावाचे लाकडी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत होते. अशा कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटे दिसते, डोके खाली आणि पाय वर. प्रारंभी त्रास होतो. पण चित्र उलटे दिसल्यामुळे माणसाचा चेहरा विसरून आकार, छाया आणि रिकामी जागा दिसू लागतात, ही गोष्ट आपल्या रेखाटनाच्या वर्गातील मंडळींना पटवून द्यायची गरज नाही.

फिल्मवर नेमके काय घडते?

फिल्म म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक पत्र्यावर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. भिंगातून आलेला प्रकाश स्फटिकावर पडला की त्यात चांदीचे मोजके अणू एका जागी गोळा होतात, अक्षरशः चार-पाच. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण ते चित्र तिथे असते. त्याला अव्यक्त प्रतिमा म्हणता येईल.

डेव्हलपरचे काम ती व्यक्त करण्याचे. ज्या स्फटिकात असे बीज पडले आहे तो संपूर्ण स्फटिक डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदीत बदलतो. ज्यात बीज नाही त्याला तो सहसा हात लावीत नाही. चार अणूंपासून अब्जावधी अणू, एवढी ही वाढ असते. मात्र फार वेळ ठेवले तर बीज नसलेले स्फटिकही काळे पडू लागतात, म्हणून वेळ आणि तपमान यांचा एवढा बाऊ. उरलेले स्फटिक हायपो विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच नोंदविला होता. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला १८३९ साली. उत्तर वीस वर्षे आधी तयार होते आणि प्रश्न नंतर आला, असे विज्ञानात क्वचित घडते.

बोटांनी वाचायची फिल्म

सर्व रंगांना संवेदनशील असलेली फिल्म हाताळायची तर खोलीत ठार काळोख हवा. लाल दिवा तेथे चालत नाही. सिनेमात दिसणारा तो लाल दिवा कागदावर छापताना लावतात. मग काळोखात तावाची कोणती बाजू वर हे कसे कळते? कारखान्यातच तावाच्या एका कोपऱ्याला खाचा पाडलेल्या असतात. ताव उभा धरला आणि खाच उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आली की रसायनाचा थर आपल्या तोंडाकडे आहे असे समजावे. खाचांचा आकार प्रत्येक फिल्मचा वेगळा, म्हणजे बोटाने चाचपून फिल्मची जातही सांगता येते.

ताव ज्या चपट्या पेटीत भरतात तिला होल्डर म्हणतात. एका होल्डरमध्ये दोन बाजूंना दोन ताव. प्रत्येकावर सरकते झाकण असते आणि झाकणाची मूठ एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने काळी. रूढ संकेत असा की पांढरी बाजू बाहेर असेल तर ताव कोरा, काळी असेल तर त्यावर चित्र घेऊन झाले. पांढऱ्या बाजूला उंचवटे असतात. तेही काळोखातल्या बोटांसाठीच.

नवशिक्याने एक ताव वाया घालवावा, दिवसाउजेडी तो होल्डरमध्ये पन्नास वेळा भरावा, मग डोळे मिटून पन्नास वेळा. आमच्या सरांचा हा दंडक प्रथम जाचक वाटतो, पण काळोखात पाऊल टाकल्यावर त्याचे मोल समजते.

रसायने आणि माठाचे पाणी

तयार डेव्हलपर विकत मिळतो. पण डी-७६ हा जुना आणि भरवशाचा डेव्हलपर घरी करता येतो. प्रमाण असे : मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम आणि पाणी एकूण १ लिटर. सुरुवातीस पाऊण लिटर पाणी ५० अंशांपर्यंत गरम करावे आणि वरील क्रमानेच एकेक पूड पूर्ण विरघळवीत जावे. क्रमाला कारण आहे. सल्फाइट दाट झालेल्या पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून मेटॉल आधी (त्यापूर्वी चिमूटभर सल्फाइट चालते). मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. हातमोजे घालावेत आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. पाणी बोअरचे असेल तर क्षारांचे डाग पडतात. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी आम्ही वापरतो.

खरी अडचण तपमानाची. पुस्तकांतील सगळे हिशेब २० अंशांचे, आणि एप्रिलमध्ये आमच्या नळाला येणारे पाणी तिशी ओलांडते. तपमान वाढले की डेव्हलपर घाई करतो. ढोबळ मानाने दर अंशामागे वेळ दहा टक्क्यांनी कमी धरावा. निम्मे पाणी मिसळलेल्या डी-७६ मध्ये इलफर्डच्या एफपी-४ प्लस फिल्मला २० अंशांना आम्ही ११ मिनिटे देतो, २४ अंशांना सात-सव्वासात. त्याच्या पलीकडे जिलेटिन मऊ पडते आणि वेळ इतका आखूड होतो की ताव सारखा डेव्हलप होत नाही.

यावरचा उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातलाच निघाला. कोरड्या हवेत माठातले पाणी बाष्पीभवनाने चांगले गार होते. रसायनांचे ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती माठाचे पाणी भरायचे आणि त्यात बर्फाच्या पिशव्या सोडायच्या. बर्फ कधीही डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, कारण तो वितळून प्रमाण बिघडवतो. एक नियम अधिक : डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी यांच्या तपमानात मोठा फरक नसावा. गार डेव्हलपरमधून ताव एकदम कोमट पाण्यात पडला तर जिलेटिन आकसते-फुगते आणि चित्रावर सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा उमटतात.

काळोखातली अकरा मिनिटे

चार ट्रे ओळीने मांडायचे : साधे पाणी, डेव्हलपर, सौम्य आम्ल, हायपो. क्रम पाठ हवा आणि ट्रे जागच्या जागी. दिवा मालवल्यावर ताव एकेक करून साध्या पाण्यात भिजवायचे. कोरडे ताव एकत्र टाकले तर एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. एक मिनिटाने ते डेव्हलपरमध्ये न्यायचे. आता गड्डीच्या तळचा ताव अलगद काढून वर ठेवायचा, पुन्हा तळचा वर, असे फेर सतत चालू. चार ताव असतील तर प्रत्येकाला ताजा डेव्हलपर मिळत राहतो. नखे कापलेली असावीत; ओले जिलेटिन सायीइतके नाजूक असते आणि तावाचा कोपरा शेजारच्या तावाला सहज ओरखडतो.

वेळ संपली की आम्ल. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तिप्पट पाणी घातले तरी काम भागते. अर्ध्या मिनिटात डेव्हलपरची क्रिया थांबते. मग हायपो. हायपोत ताव किती ठेवावा याची सोपी कसोटी आहे. दुधाळ दिसणारा ताव पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट. तो वेळ नेहमीपेक्षा फार वाढू लागला तर हायपो थकला असे समजून नवा करावा. थकलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. लोखंडी तारेची घासणी टाकून ठेवली की लोखंड विरघळते आणि चांदी गाळाच्या रूपाने खाली बसते.

त्यानंतर धुणे. हायपोचा अंश राहिला तर काही वर्षांनी चित्र पिवळे पडते. पूर्वी अर्धा तास नळाखाली धुण्याची रीत होती. टँकरने पाणी घेणाऱ्या गावात असे नळ सोडून बसणे शोभत नाही. इलफर्डने सुचविलेली रीत आम्हांला सोयीची पडली : बंद टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करायचे व ओतायचे, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा वीस वेळा. रॅपिड फिक्सर वापरला असेल तर एवढ्यावर भागते. ट्रेमध्ये हेच तत्त्व सांभाळून आम्ही सहा-सात वेळा पाणी बदलतो आणि प्रत्येक पाण्यात तीन मिनिटे ताव हलवीत ठेवतो. शेवटी धुळीविरहित खोलीत चिमट्याला एका कोपऱ्याने टांगायचे. पंखा बंद!

सुट्या तावाचा सर्वांत मोठा फायदा इथे लक्षात येतो. रिळातली छत्तीस चित्रे एकाच रसायनातून एकाच वेळी जातात. ताव मात्र प्रत्येकाचा वेगळा विचार करू देतो. छायेतला तपशील किती येणार हे चित्र घेताना ठरते. उजळ भाग किती दाट होणार हे मुख्यत्वे डेव्हलपिंगच्या वेळेवर ठरते. भर उन्हातले देऊळ आणि त्याचा काळोखा गाभारा एका चित्रात घ्यायचा असेल तर उजेड भरपूर द्यावा आणि वेळ कमी करावी. पावसाळी, मळभाचे दृश्य असेल तर उलट. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास याच विचाराची 'झोन सिस्टिम' नावाची पद्धतशीर मांडणी केली.

स्वस्तातला सराव

परदेशी ताव सरावासाठी परवडत नाहीत. त्यावर तोड म्हणजे दवाखान्यातली एक्स-रे फिल्म. ती मोठी मिळते, कापून घेता येते आणि हिरव्या रंगाला संवेदनशील असलेली जात गडद लाल दिव्यात हाताळता येते, म्हणजे चित्र उमटताना प्रत्यक्ष दिसते. मात्र तिच्या दोन्ही अंगांना थर असल्याने ओरखडे दुप्पट. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी. या फिल्मला लाल रंग दिसत नाही. कुंकू काळेभोर येते, ओठ गडद येतात. आजीच्या लग्नाच्या छायाचित्रात कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे का दिसते, ते मला एक्स-रे फिल्मने समजावले. जुन्या प्लेटांनाही लाल रंग दिसत नसे.

स्कॅनिंग : उजेडातले दुसरे वाचन

निगेटिव्ह तयार झाली. ती छापण्यासाठी तेवढ्याच मोठ्या मापाचा एन्लार्जर हवा, आणि तो आज दुर्मीळ. म्हणून बहुतेक जण येथून पुढे संगणकाकडे वळतात.

साध्या कागदपत्रांच्या स्कॅनरने हे काम होत नाही. ज्याच्या झाकणातही दिवा असतो, म्हणजे प्रकाश निगेटिव्हमधून आरपार जातो, असा स्कॅनर हवा. पेटीवर इंचाला ६४०० बिंदू असा आकडा छापलेला असतो, पण टेबलावरच्या स्कॅनरकडून खरा तपशील सुमारे २४०० पर्यंतच मिळतो. तेवढाही पुष्कळ आहे. ४ बाय ५ चा ताव २४०० ने वाचला तर ९६०० गुणिले १२०००, म्हणजे ११ कोटी ५२ लाख बिंदू होतात. इंचाला ३०० बिंदूंनी छापले तर ३२ बाय ४० इंचांचे चित्र निघते. करड्या छटा सोळा बिटांत साठविल्या तर एका चित्राला सुमारे २३० मेगाबाइट जागा लागते. आठ बिटांत जागा निम्मी लागते, पण छटा फक्त २५६ उरतात आणि आकाशासारख्या सपाट भागात पायऱ्या दिसू लागतात.

काही बारकावे अनुभवाने कळतात. निगेटिव्हचा गुळगुळीत भाग काचेला टेकला की चित्रावर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळे येतात. न्यूटनची वलये ती हीच. ताव काचेपासून किंचित उचलून धरणारी चौकट वापरावी आणि तिची उंची बदलून कुठे चित्र सर्वांत रेखीव येते ते पाहावे. इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसणारी सोय कृष्णधवल फिल्मला चालत नाही, कारण चांदी ते किरण अडवते आणि यंत्राला चित्रच धूळ वाटते. तेव्हा मऊ ब्रश आणि हवेचा फुगा हेच खरे. यंत्राला आपोआप 'सुधारणा' करू देऊ नये. दोन्ही टोकांच्या छटा न कापता वाचन करावे आणि काळे-पांढरे नंतर डोळ्यांनी पाहून ठरवावे.

स्कॅनर नसेल तर पांढऱ्या प्रकाशाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून, डिजिटल कॅमेरा वर सरळ बसवून, सहा तुकड्यांत छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर जोडावीत. तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असावेत, एवढेच पथ्य.

जुन्या पेट्यांचे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येते. गावातील एक जुना स्टुडिओ बंद झाला आणि त्या कुटुंबाने हाफ प्लेट निगेटिव्हच्या काही पेट्या आमच्या विभागाला दिल्या. नाहीतर त्या भंगारात जायच्या. त्यांत काचा आहेत, फिल्मचे तावही आहेत. त्या स्कॅन करताना मी जे पाहिले ते कोणत्याही छापील चित्रात दिसले नसते. निगेटिव्ह तिरप्या उजेडात धरली की चेहऱ्यांवर पेन्सिलीच्या बारीक, स्वल्पविरामासारख्या रेघा दिसतात. निगेटिव्हवर जिथे दाटपणा वाढतो तिथे छापील चित्र उजळते. म्हणून डोळ्यांखालच्या सुरकुत्या आणि देवीचे व्रण या रेघांनी भरून काढीत. हे काम करणाऱ्याचे नाव कुठेही नाही. पण गावातील प्रत्येक वधूवर, प्रत्येक पदवीधर, प्रत्येक आजोबा त्याच्या टोकदार पेन्सिलीखालून गेले आहेत. निगेटिव्ह पुसून 'स्वच्छ' करणे म्हणजे हे हस्ताक्षर पुसणे होय.

अशा पेट्या कोणाच्या घरी असतील तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असा शब्द नसेल आणि ती जुनी, पिवळसर, चिकट व उग्र वासाची असेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट फार वेगाने पेटते. ती घरात न ठेवता जाणकारांना दाखवावी. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट कुजू लागले आहे; असे ताव वेगळे करून आधी स्कॅन करावेत. पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेले ताव ओढून सोडवू नयेत. काचा आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह टाकू नये. संगणकातली फाइल वाचायला यंत्र, वीज आणि दर काही वर्षांनी नवी तबकडी लागते. निगेटिव्ह वाचायला खिडकी पुरते.

आपल्या देशाने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे. १९३१ सालच्या 'आलमआरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांपैकी तर मूठभरच उरले. कितीतरी फिल्म चांदी काढण्यासाठी वितळविल्या गेल्या. तावातली चांदी विकली तर हाती पडते ती चांदीच. चित्र परत येत नाही.

यंदा आपल्या महाविद्यालयात अंधारखोलीच्या जागी आणखी एक संगणककक्ष करावा असा विचार चालू आहे. संगणकाला माझा विरोध नाही. वरचे अर्धे काम त्याच्याशिवाय झाले नसते. पण स्कॅनर हे वाचनाचे साधन आहे, आणि लिहिणे ज्याला ठाऊक आहे तोच नीट वाचू शकतो. छाया कुठे हरवली, दाटपणा कुठे वाढला, ओरखडा कोणत्या हाताचा, हे ज्याने स्वतः काळोखात अकरा मिनिटे ताव फिरविले आहेत त्यालाच पडद्यावर ओळखता येते. त्या पेट्यांतल्या दोनशेहून अधिक निगेटिव्ह अजून वाचायच्या आहेत. खोली दहा फूट बाय आठ फुटांची आहे. तिला खिडकी नाही, त्यामुळे संगणककक्षाला तिचा फारसा उपयोगही होणार नाही. संबंधितांनी एकदा आत येऊन, दिवा मालवून, अकरा मिनिटे उभे राहावे आणि मग निर्णय घ्यावा, एवढीच नम्र विनंती.